अण्णांचा नकाशा

मागच्या महिन्यात जुन्या पाट्या-वह्यांबद्दल लिहिलं तेव्हा एका भाचीने विचारलं होतं, "मावशी, तुझ्याकडचा तो फाटका नकाशा अजून आहे का गं?" आहे. त्याच्याबद्दलच आज लिहायचं आहे. खरं तर सहा महिने लिहीन लिहीन म्हणत होते आणि टाळत होते. का टाळत होते ते पुढे कळेलच. नात्यातली मंडळी हे वाचतात, त्यातल्या काहींना हे रुचणार नाही. पण पंचाहत्तरी उलटली, आता कोणाकोणाला जपायचं?

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मोजणी खात्यात होते. शंकू-साखळी, टिपण, फाळणी, हद्दीच्या खुणा हे शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखे होते. बांधावरून भावाभावांत डोकी फुटायची आणि अण्णा साखळी टाकून "दगड इथे येतो" एवढंच सांगायचे. बोलणं कमी. घरातही मोजून मापून.

त्यांच्या ट्रंकेत एक नकाशा होता. भारतीय सर्वेक्षण विभागाचा, पाव इंची, म्हणजे एक इंचाला चार मैल. मागे कापड चिकटवलेलं, आठ घड्यांचा. उघडला की साधारण १७ इंच उंच आणि १५ इंच रुंद. त्यावर क्रमांक ५३ एन. या क्रमांकाचा हिशोब मी मुलांना फार आवडीने सांगत असे. भारत आणि आजूबाजूचा प्रदेश चार-चार अंशांच्या चौकोनांत कापायचा, त्यांना आकडे द्यायचे. त्या प्रत्येक चौकोनाचे एकेका अंशाचे १६ तुकडे करायचे, त्यांना इंग्रजी ए पासून पी पर्यंत अक्षरं. अक्षरं वरून खाली जातात, मग पुढच्या उभ्या रांगेत. ५३ एन म्हणजे ३० ते ३१ उत्तर अक्षांश आणि ७९ ते ८० पूर्व रेखांश. गढवाल. एका कागदात केदारनाथ, बद्रीनाथ, जोशीमठ, कामेट, त्रिशूळ आणि अगदी उजव्या काठाला टेकून नंदादेवी. आणखी काय हवं? रुद्रप्रयाग मात्र यात नाही. ते पश्चिमेच्या कडेबाहेर अगदी थोडक्यात राहिलं आहे. यात्रेकरूंच्या वाटा जिथे फुटतात तेच गाव नकाशाबाहेर, याचं मला नेहमी हसू यायचं.

युद्धात लष्कराच्या सर्व्हेत काम करून आलेल्या एका सहकाऱ्याने अण्णांना हा नकाशा दिला होता. छपाईचं साल ज्या कोपऱ्यात असतं तो कोपरा कसरीने खाल्ला आहे. पण भूगोलाच्या मास्तरणीला तेवढं शोधता यायला हवं. पश्चिमेला टेहरी संस्थानाची हद्द दाखवली आहे, आणि ते संस्थान १९४९ साली विलीन झालं, म्हणजे त्याआधीचा. दुसरीकडे नंदादेवीच्या भोवतालच्या खोऱ्यात समोच्च रेषा पूर्ण आखलेल्या आहेत. त्या खोऱ्याभोवती ७० मैलांचं डोंगरांचं कडं आहे, त्यावर २१,००० फुटांहून उंच अशी डझनभर शिखरं, आणि आत शिरायला फक्त ऋषिगंगेची घळ. १९३४ पर्यंत त्या घळीतून आत कोणी पोचलंच नव्हतं. त्या वर्षी शिप्टन आणि टिलमन हे दोघे तीन शेर्पांना घेऊन घुसले. १९३६ साली सर्वेक्षण विभागाचे ऑस्मास्टन तिथे मोजणीला गेले, आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला टिलमन आणि ओडेल शिखरावर पोचले, २५,६४५ फूट. तेव्हा माझा नकाशा १९३६ नंतरचा आणि १९४९ च्या आधीचा. हे गणित मी वर्गात मुलांकडून सोडवून घेत असे. साल खाल्लेलं असलं तरी कागद बोलतो, असं म्हणत असे. कागद आणखी काय बोलतो हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

हो, वर्गातच. अण्णांनी हा नकाशा मला नोकरी लागली तेव्हा दिला. "शिकवायला उपयोगी पडेल." बस, तेवढंच. समोच्च रेषा शिकवणं म्हणजे दरवर्षीची परीक्षा असायची, माझी. मुलांना वाटायचं या रेषा म्हणजे रस्ते, किंवा नद्या. मी घरून एक मोठा वेडावाकडा बटाटा न्यायची. उभा अर्धा कापायचा, सपाट बाजू खाली ठेवायची, आणि सुरीने सारख्या जाडीचे आडवे काप करायचे. मग एकेक काप कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. जिथे बटाटा उभा कडा, तिथे रेषा दाटीवाटीने, जिथे पसरट, तिथे लांब लांब. मागच्या बाकावरची मुलं म्हणायची, "बाई, भाजी कधी?" त्यानंतर हा नकाशा फळ्यावर टांगायचा. अलकनंदेच्या काठाला तपकिरी रेषा इतक्या दाट आहेत की लांबून नुसता रंग फासल्यासारखा दिसतो. मुलं गप्प व्हायची.

त्यावर पेन्सिलीच्या काही खुणा होत्या. मला माहीत होतं, त्या अण्णांच्या यात्रेच्या. मुलांना सांगायची, "ही माझ्या वडिलांनी चाललेली वाट." त्यापलीकडे तीस वर्षांत मी त्या खुणांकडे नीट पाहिलं नाही.

आता यात्रेचं सांगते. १९५२ च्या उन्हाळ्यात अण्णा आजीला घेऊन केदार-बद्रीला गेले. आजी साठीची. मी तेव्हा तीन वर्षांची, मला आजी आठवत नाही, फक्त तिच्या नथीची गोष्ट आठवते आणि ती आज सांगायची नाही. त्या काळी आजच्यासारखी बस बद्रीच्या दारात जात नव्हती. सीमा सडक संघटना १९६० साली निघाली आणि १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर तिकडचे रस्ते भराभर झाले. त्याआधी खालच्या खोऱ्यात मोटार सोडायची आणि पुढे चट्टी ते चट्टी पायी. चट्टी म्हणजे वाटेवरचा मुक्काम. दुकानदाराकडून पीठ-डाळ घ्यायची, तो चूल आणि भांडी देणार, पडवीत आडवं व्हायचं. म्हाताऱ्यांना चढावर कंडीत बसवायचे, म्हणजे माणसाच्या पाठीवरची वेताची टोपली. आधी केदार, मग ऊखीमठ, चोपता, मंडल, गोपेश्वर करून चमोलीला उतरायचं आणि तिथून अलकनंदेच्या काठाने वर बद्रीला, अशी जुनी वाट.

केदारचं दर्शन झालं. बद्रीच्या वाटेवर आजी गेली. अण्णा एकटे परत आले.

एवढंच असतं तर दुःखाचं असलं तरी त्या काळी अप्रूपाचं नव्हतं. म्हातारी माणसं काशी-बद्रीला निघताना घरच्यांचा निरोप घेऊनच निघत. पण अण्णांच्या आधी आठ दिवस शेजारच्या गावचे दोघे जण बद्री करून परतले होते. त्यांनी येऊन थोरल्या काकांना सांगितलं, की चोपत्याच्या खालच्या चट्टीवर म्हातारी एकटी पडून होती, हगवणीने हैराण. मुलगा कुठे म्हणून विचारलं तर चट्टीवाला म्हणाला, तो सकाळीच पुढे गेला. पुढे म्हणजे चमोलीकडे. म्हणजे बद्रीकडे. (ते दोघेही तिला तिथेच सोडून पुढे गेले, हे कोणी त्यांना विचारलं नाही. पण असो.)

मग अण्णा आले, डोक्याचे केस काढलेले, हातात अस्थींचं रिकामं गाडगं. काकांनी विचारलं, काय केलंस? अण्णा म्हणाले, "सगळं करून आलो."

ते 'सगळं' आमच्या घराला पुरलं. काकांनी त्याचा अर्थ घेतला की आईला चट्टीवर टाकून हा बद्रीचं दर्शन घेऊन आला. दिवसांचा हिशोबही जुळत होता. अण्णांनी वाटेतून पत्र टाकलं होतं, ते त्यांच्यानंतर चार दिवसांनी पोचलं आणि काकांनी उघडलंही नाही. अण्णा पुन्हा बोलले नाहीत. वर्षभरात वाटणी झाली. गंमत बघा, सगळ्या तालुक्याच्या वाटण्या मोजणाऱ्या माणसाच्या घरची मोजणी दुसऱ्या कोणीतरी येऊन केली. दोन चुली झाल्या, मग दोन घरं. माझ्या लग्नाला काका आले नाहीत. काका गेले तेव्हा अण्णा स्मशानात लांब उभे होते. अण्णा १९८७ साली गेले. आईने मला एकदाच सांगितलं, "ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही." आमच्या पिढीत येणं-जाणं सुरू झालं, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलो, पण तो विषय निघाला की सगळे पाणी प्यायला उठायचे.

काकांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. ते थोरले. अग्नी देण्याचा मान आणि हक्क त्यांचा. तो धाकट्याने परमुलखात उरकला. मला आता वाटतं, त्यांचा खरा राग तिथे असावा. बद्रीचं निमित्त.

मी स्वतः १९९८ साली ह्यांच्याबरोबर गेले होते चारधामला, यात्रा कंपनीच्या बसने. केदारला चढताना रामबाड्याला थांबून चहा घेतला, मॅगी खाणारी पोरं पाहून ह्यांना नवल वाटलं. २०१३ साली १६-१७ जूनला केदारच्या वरचं चोराबारी तळं फुटलं आणि ते रामबाडा नावाचं गावच उरलं नाही. हजारो माणसं गेली. आमच्या नकाशावर रामबाडा आहे, बारीक अक्षरात. पण त्या प्रवासातली माझी लाज वेगळी आहे. केदारहून बद्रीला जाताना आमची बस ऊखीमठ-चोपता मार्गानेच गेली. चोपत्याला उतरलो, फोटो काढले, ह्यांनी मला शालीत गुंडाळलं. पुढे उतार लागला, दाट जंगल, वळणं, मला उलटीची गोळी दिलेली. मी झोपले. जिथे माझी आजी गेली तो सगळा उतार मी झोपेत पार केला. नकाशा पुण्याला कपाटात होता.

ह्या नकाशातली नाहीशी झालेली आणखी एक जागा मी मुलांना नेहमी दाखवायची. चमोलीच्या जरा वर बिरही गंगा अलकनंदेला मिळते. त्या बिरहीवर एक निळा ठिपका आहे, गोहना ताल. १८९३ च्या सप्टेंबरात डोंगर कोसळला आणि नदीला सुमारे ९०० फूट उंचीचा बांध पडला. मागे पाणी साठत चाललं. इंजिनियरांनी मोजमापं घेतली आणि गणित मांडून सांगितलं, पुढच्या ऑगस्टच्या सुमारास पाणी बांधावरून जाईल. तिथपासून खालपर्यंत तारेची लाइन टाकली, नदीवरचे झुलते पूल आधीच काढून ठेवले, काठावर पाणी कुठवर येईल त्याच्या खुणा केल्या आणि लोकांना त्याच्या वर राहायला सांगितलं. २५-२६ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. खालचं श्रीनगर शहर धुऊन निघालं. माणसं मात्र वाचली. गेले ते पाच जण, एक फकीर आणि त्याच्या घरचे, सक्तीने हलवलेले ते पुन्हा खाली जाऊन बसले होते. उरलेलं तळं पुढे पाऊणशे वर्षं राहिलं. १९७० च्या जुलैतल्या पुरात ते दगडमातीने भरलं आणि संपलं. आज तिथे तळं नाही, नकाशात आहे. २०२१ च्या ७ फेब्रुवारीला ऋषिगंगेला लोंढा आला, दोनशेवर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, तेव्हा टीव्हीवर रैणी गावाचं नाव ऐकून मी पुन्हा नकाशा काढला. रैणी म्हणजे १९७४ साली गौरादेवी आणि बायका झाडांना बिलगल्या ते गाव. तारेच्या लाइनीच्या काळात महिनोन् महिने आधी इशारा देता आला, आणि आपल्याकडे उपग्रह असून... जाऊ दे. ते पाणी सावकाश साठलं होतं, हा लोंढा अचानक आला, दोन्हींची तुलना बरोबर नाही, हे मलाही कळतं. पण जीव जळतोच.

तर मुद्द्यावर येते. गेल्या दिवाळीत नातू आला होता. तो संगणकातला, त्याने हा नकाशा पाहिला आणि म्हणाला, आजी, याचं स्कॅन करून ठेवू, नाहीतर कसर सगळा खाईल. घड्यांचा म्हणून आठ तुकड्यांत स्कॅन केलं. मग पडद्यावर मोठं करून दाखवायला लागला. "आजी, इथे काहीतरी लिहिलंय."

चष्म्याने जे कधी दिसलं नव्हतं ते तिथे दिसलं. अण्णांची कडक पेन्सिल, अणकुचीदार, टिपणवहीत लिहायचे तसे राईएवढे आकडे.

वाट पश्चिमेच्या काठावरून नकाशात शिरते. केदारपर्यंत जाते, परत येते, ऊखीमठ, चोपता. प्रत्येक मुक्कामाला एक आडवी छोटी रेघ. चोपत्याच्या पलीकडच्या उतारावर, मंडलच्या वर, एक रेघ आहे, तिथे गावाचं नाव छापलेलं नाही. त्या रेघेभोवती गोल. गोलापाशी 'नि. ५'. तिथून वाट खाली मंडल, गोपेश्वर, चमोली. चमोलीपाशी 'चा. १०॥, नि. १२'. आणि तिथून तीच वाट परत वर येते. दुसरी रेघ पहिलीला अगदी चिकटून आहे, म्हणून तीस वर्षं मला ती एकच जाड रेघ वाटत होती. बाण वरच्या दिशेला. पुन्हा त्या गोलाशी 'पो. ८'. आणि त्याच्या शेजारी एक फुली. हद्दीचा दगड गहाळ असला की टिपणात जशी करतात तशी.

निघालो ५. चमोली साडेदहा. निघालो १२. पोचलो ८.

नातवाला मी स्वयंपाकघरातून दोरा आणायला सांगितला. वर्गात वाट मोजायची ती तशीच, दोरा वाटेवर वळवत न्यायचा आणि मग पट्टीवर ताणायचा. तीन इंच भरला. म्हणजे १२ मैल. नकाशावरचे १२, पायाखाली त्याहून जास्तच, डोंगरातली वळणं पाव इंचीवर कुठली यायला? मग समोच्च रेषा मोजल्या. तो गोल ८,००० फुटांच्या आसपास आहे आणि चमोलीचा नदीकाठ ३,००० च्या थोडा वर. म्हणजे जवळजवळ ५,००० फूट उतरले आणि तेवढेच पुन्हा चढले. पायथ्यापासून सिंहगड दोनदा, वर थोडा. एका दिवसात, येऊन-जाऊन २४ मैल.

चमोली तहसिलीचं गाव. यात्रेच्या वाटेवरचा दवाखाना तिथे होता. दुसरा ऊखीमठाला, मागे. आता माणूस आजारी पडल्यावर मागे जायचं की पुढे? काकांचं म्हणणं होतं, आईची काळजी असती तर मागे ऊखीमठाला गेला असता, पुढे कशाला गेला? लहानपणापासून हे वाक्य मी पडद्याआडून ऐकलेलं. त्याचं उत्तर नकाशात आहे आणि ते नववीतल्या मुलालाही देता येईल. मागे जायचं तर आधी चोपत्याची धार चढून ओलांडायची, मग खाली उतरायचं, आणि औषध घेऊन पुन्हा तेवढंच चढायचं. पुढे सगळा उतार. जाताना वेळ वाचतो. मोजणीचा माणूस, त्याने रेषा पाहिल्या आणि पुढचं गाव धरलं. बद्री त्याच दिशेला होती, याला अण्णा काय करणार?

आणि ते शेजारच्या गावचे दोघे? ते दुपारी चट्टीवर आले असतील, तिथून मंडलला जाऊन आत पडवीत लवंडले असतील, आणि अण्णा संध्याकाळी बाहेरच्या वाटेने वर गेले असतील. हा माझा अंदाज. तो नकाशात नाही.

चमोलीपाशी आणखी एक आकडा आहे, '१३ दि.'. म्हणजे चमोलीला तेरा दिवस. अलकनंदेच्या काठी दिवस करून तिथून ते परत फिरले. 'सगळं करून आलो' म्हणजे हे सगळं. चमोलीच्या वर, पिपळकोटी, जोशीमठ, पांडुकेश्वर, बद्री, नकाशाचा तो सगळा वरचा भाग स्वच्छ आहे. पेन्सिलीचा ठिपका नाही.

आता माझ्यातली परीक्षक म्हणते, बाई, पेन्सिलीची रेघ म्हणजे पुरावा नव्हे. माणूस घरी बसूनही ओढेल. खरं आहे. पण खोटी रेघ ओढायची ती कोणाला तरी दाखवायला. अण्णांनी ती ट्रंकेत ठेवली, मग माझ्या हातात दिली आणि तोंडातून शब्द काढला नाही. मी रोज मुलांसमोर टांगते हे त्यांना माहीत होतं. मी वाचीन अशी त्यांची अपेक्षा होती का? कधीकधी शाळेतून आले की ते विचारायचे, "आज नकाशा लावला होता का?" मला वाटायचं, सहज विचारतात.

आणि दुसरंही लिहिते, कारण अर्धंच लिहिलं तर मीही काकांसारखंच करीन. आजी गेली तेव्हा अण्णा तिच्याजवळ नव्हते. ती परक्या चट्टीवाल्याच्या पडवीत गेली. 'पो. ८' आणि फुली, यात ते आलंच. काका म्हणत होते "आईला सोडून गेलास", ते खरंच होतं. कशासाठी गेला तेवढं चुकलं. अण्णा त्यामुळेच गप्प राहिले असतील. अर्ध्या खऱ्या आरोपाला काय उत्तर देणार? नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही.

हे सगळं कळल्यावर महिनाभर मी कोणाला बोलले नाही. मग गावी दादाला फोन केला. दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, आता ब्याऐंशी वर्षांचा. १९५२ ला तो नऊ वर्षांचा होता, त्याला आजी आठवते. नातवाने फोटो त्याच्या नातीच्या फोनवर पाठवले. दोन दिवसांनी दादाचा फोन आला. "अगं, मला त्या फोनात काही दिसत नाही. कागद घेऊन ये."

गेले. एसटीने वाईपर्यंत, पुढे त्याच्या मुलाने मोटारसायकल आणली होती, पण या वयात कुठे बसू, रिक्षा केली. वहिनींनी पुरणपोळी केलेली. जेवण झालं, विषय कोणी काढेना. मग दादाच म्हणाला, "आण बघू." ओसरीवर चटई टाकली, नकाशा पसरला, कोपऱ्यांवर पाट ठेवले. काकांचं जुनं भिंग होतं, पोथी वाचायचं, ते त्याने काढलं.

मी सांगत होते, तो काही बोलत नव्हता. मध्ये एकदा म्हणाला, "या रेघा कसल्या?" म्हटलं, उंचीच्या. दाट तिथे उभा चढ. मग मी त्याचं बोट धरलं आणि चमोलीहून वर नेलं, एकेक रेष मोजत. शाळेत आंधळेपणी शिकवल्यासारखं. मधेच थांबून म्हणाला, "अजून आहे?" म्हटलं, अजून निम्मं आहे. गोलापर्यंत बोट गेल्यावर ते तिथेच ठेवून बसला.

"आजी चालायला खमकी होती," तो म्हणाला. "मला पाठुंगळी घेऊन मांढरदेव चढलेली."

काकांविषयी एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. वहिनींनी चहा आणला. निघताना मी नकाशाची घडी घालायला लागले, तर म्हणाला, "आजची रात्र राहू दे इथे. नेशील की उद्या-परवा कोणाबरोबर."

म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी मी पुण्यात पोचते न पोचते तोच त्याचा फोन. रात्री दिवा लावून बसला होता म्हणे. वहिनी मागून ओरडत होत्या, डोळे फोडून घेतले.

"चमोलीच्या वरचं सगळं बघितलं," दादा म्हणाला. "भिंगाने. बद्रीपर्यंत, त्या माणा गावापर्यंत. काही नाही."

"हो," म्हटलं.

"खोडलेलंही नाही. खोडलं असतं तर कागद खरवडलेला दिसतो."

"हो."

थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "नकाशा कधी नेतेस?"

म्हटलं, "राहू दे तिथेच. नातवाने स्कॅन करून ठेवलाय."